तात्याची गोळी

आमच्या वयात 'गोळी' म्हटलं की ती पाण्याबरोबर घ्यायची असते. सकाळची रक्तदाबाची, दुपारची साखरेची, आणि रात्रीची 'घेतलीत का हो?' असं हिनं विचारल्यावर आठवणारी. गोळीला दुसराही एक अर्थ असतो हे मी शाळेत एन.सी.सी.त असताना एकदाच अनुभवलं. प्रत्येकाला पाच गोळ्या झाडायला दिल्या होत्या. माझा कागद कोरा निघाला आणि शेजारच्या पोराच्या कागदावर नऊ भोकं सापडली. त्याला शाबासकी मिळाली, ती मी आजही निम्मी माझी समजतो. नेमबाजीशी माझा संबंध तिथंच संपला.

तेव्हा, 'सत्तरी उलटल्यावर तुम्ही अमेरिकेत एका गॅरेजात बसून बंदुकीच्या गोळ्या मोजाल' असं कुणी ज्योतिषी म्हणाला असता, तर मी दिलेली दक्षिणा परत मागितली असती. पण ते झालं खरं.

आमची मुलगी आणि जावई ओहायो राज्यात राहतात. मुलीकडे सहा महिने राहायला गेलेल्या बापाची अवस्था काय असते, ते जाऊन आलेल्यांनाच ठाऊक. रस्त्यावर माणूस नाही. दूध आणायला जावं म्हटलं तर तीन मैल. दाराची घंटा वाजली तर खोकं ठेवून पळून जाणारा माणूस. अशात पलीकडच्या घरात एक म्हातारा दिसायचा. उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा. हिनं त्याला पहिल्या दिवशीच पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे तर आपल्या वाड्यातले तात्या!" वाड्यातले तात्या पाच फुटांचे आणि हा सव्वासहा फुटांचा, पण बोलताना मान तिरकी करून, समोरच्याचं काहीही पटलेलं नाही असा चेहरा करायची लकब अगदी तीच. झालं. त्याचं नाव तात्या पडलं. खरं नाव मी सांगत नाही, कारण ही गोष्ट त्याच्या पडत्या दिवसांची आहे.

जावयानं मला आधीच बजावलं होतं. "बाबा, ते काका चांगले आहेत, पण त्यांच्या गॅरेजात जरा जपून. ते काडतुसं घरीच भरतात."

ही आतून ओरडली, "काय भरतात?"

"दारू भरतात गं आई, काडतुसात," मुलगी म्हणाली.

"घरात दारू ठेवतात?"

"बंदुकीची, आई."

"मग तर जाऊच नका!"

मी अर्थात दुसऱ्याच दिवशी गेलो.

काडतूस ही वस्तू खडकीच्या कारखान्यात होते आणि ती सरकार करतं, एवढंच आमचं ज्ञान. आमच्या लहानपणी तिथला भोंगा हेच आमचं घड्याळ होतं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवाना नसताना घरात काडतूस भरायला बसलात, तर पुढचं जेवण सरकारी. तिकडं मात्र हा म्हाताऱ्यांचा छंद आहे, आपल्याकडे भजनी मंडळ असतं तसा. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून द्यायची नाही. तिच्या बुडातला जळका प्राइमर काढायचा, साच्यात दाबून तिला पुन्हा मापात आणायची, नवा प्राइमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. गोळी म्हणजे फक्त पुढचा तो तांब्याचा निमुळता तुकडा, पोटात शिसं असलेला. सगळं मिळून होतं ते काडतूस. मी सगळ्यालाच गोळी म्हणालो तेव्हा तात्यानं मान तिरकी केली.

गॅरेज बघून मात्र मला भरून आलं. मी पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. बाकीच्यांना निवृत्तीच्या दिवशी घड्याळ मिळालं. मी हट्टानं माझा वापरातला व्हर्नियर मागून घेतला होता, आणि तो मी अमेरिकेलाही नेला होता. तात्याच्या टेबलावर हातप्रेस, डाय, मायक्रोमीटर, आणि काचेच्या पेटीत तराजू. तराजू ग्रेनमध्ये मोजणारा. एका पौंडाचे ७००० ग्रेन. आपल्या सोनाराची गुंज असते ना, तिचा जवळजवळ निम्मा. तात्या दारू तोलायचा ती ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत. एवढ्या काळजीनं आमच्याकडे केशरसुद्धा कुणी तोलत नाही. माझं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी यांची ओळख नव्हती, पण मी खिशातून व्हर्नियर काढला आणि 'थाऊ' म्हणालो. इंचाचा हजारावा भाग. त्याच्या मिशा हलल्या. त्या दिवसापासून मला तिथं स्टूल मिळालं.

हिचंही वजन वाढलं ते वेगळ्या कारणानं. पुंगळ्या घासायला तात्या यंत्रात मक्याच्या कणसाचा भुसा घालून तासन्‌तास फिरवत बसे. हिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "पितळ ना? चिंच लावा म्हणावं." मी भीत भीत भाषांतर केलं. तात्या गंभीरपणे म्हणाला, की सायट्रिक ॲसिडनं पुंगळ्या धुणारे लोक आहेत, आणि बाईंचं बरोबर आहे. ही त्यानंतर आठवडाभर दारूबद्दल काही बोलली नाही.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. तात्या मला सगळं दाखवायचा, रायफल मात्र दाखवायचा नाही. ती भिंतीशी पेटीत होती आणि पेटीला चिठ्ठी लावलेली होती. एके दिवशी मी चष्मा लावून वाचली. विकायची आहे, किंमत इतकी.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी म्हणून जागा आहे. १९०७ पासून तिथं राष्ट्रीय नेमबाजीच्या स्पर्धा होतात. तात्या तरुणपणापासून तिथं जात आला होता. सहाशे यार्डांवर वीस गोळ्या, प्रत्येकीचे जास्तीत जास्त दहा गुण. दहा गुणांचं वर्तुळ बारा इंचांचं. सहाशे यार्ड म्हणजे ओंकारेश्वराच्या पुलावर उभं राहून पलीकडच्या पेठेतल्या घराच्या खिडकीतलं ताट नेमकं फोडायचं. तात्याची रायफल शंभर यार्डांवर दहा गोळ्या पाऊण इंचात घालायची. गेल्या वर्षापासून त्याच दहा गोळ्या पावणेदोन इंचांत पसरायला लागल्या. सहाशे यार्डांवर तो पसारा सहापट, वारा वेगळाच.

"कारण काय?" मी विचारलं.

तात्यानं आपल्या डोळ्याला बोट लावलं. मग हात पुढे करून तो थोडा थरथरवून दाखवला. "अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला. एवढंच.

यावर मी काय बोलणार? मीही मान हलवली. वय हे असं कारण आहे, की ते सांगितलं की समोरचा दुसरं कारण विचारतच नाही. आमच्या कारखान्यात एक फोरमन होता. कुठलाही माल रिजेक्ट झाला की शेऱ्यात 'मशीन जुने' असं लिहायचा. मशीन खरंच जुनं होतं, म्हणून कुणी हरकत घेत नसे. पुढं एकदा कळलं, की तीन महिने लोखंडच दुसऱ्या जातीचं येत होतं.

हे मला आठवलं ते त्याच रात्री, आणि तेही मोदकांमुळे. संकष्टी होती. हिनं उकडीचे मोदक करायला घेतले. चाळीस वर्षं जे प्रमाण आहे तेच. एक वाटी पिठाला एक वाटी पाणी. आणि एकेक मोदक वाफेवर बसला की फुटायचा. दहा फुटले. बारावा फुटला तेव्हा ही गॅस बंद करून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "हात गेला माझा आता." मी घाईघाईनं म्हटलं, "छे, सारण उत्तम आहे!" त्यावर तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी फुटलेले सगळे मोदक निमूटपणे संपवले.

मुलगी कामावरून आली, तिनं पातेल्यात बोट घातलं. "आई, हे पीठ आंबेमोहोराचं नाहीये. इथल्या दुकानातलं आहे, कुठल्या तांदळाचं देव जाणे. पीठ बदललंय, तू नाही बदललीस."

मी रात्री दीड वाजता उठून बसलो. लोखंड! मी तात्याच्या हाताकडे पाहिलं, डोळ्याकडे पाहिलं, आणि चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढलेला माणूस गोळीकडे बघायलाच विसरलो होतो.

सकाळी सात वाजता मी गॅरेजात हजर. "जुनी डबी आहे?" मी विचारलं. आता आतून निघाली. जुन्या डबीत नऊ गोळ्या शिल्लक होत्या. नवी डबी भरलेली. दोन्हीवर एकच नाव, एकच क्रमांक, एकच चित्र. वजन १६८ ग्रेन, आपल्या तोळ्याला थोडं कमी. तात्यानं मान तिरकी केली आणि तराजूवर ठेवून दाखवलं. दोन्ही १६८. मी व्हर्नियर लावला. नवी गोळी जुनीपेक्षा चाळीस थाऊ लांब.

तात्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं दोन्ही गोळ्या खिडकीशी शेजारी शेजारी उभ्या केल्या. तेव्हा दिसलं. नवीचं नाक जास्त लांब, जास्त निमुळतं. कंपनीनं गोळीचा आकार बदलला होता आणि डबी तीच ठेवली होती. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. अशी सवय असलेल्या कंपन्या आपल्याकडेही कमी नाहीत, साबणाची वडी आठवा.

आता तात्याला कंठ फुटला. आकार बदलणं हा काही गुन्हा नाही म्हणाला. आधी गोळ्या गोल नाकाच्या असत. फ्रेंचांनी १८९८ साली टोकदार गोळी काढली, मागेही होडीसारखी निमुळती. मग जर्मनांनी टोकदार केली, १९०६ साली अमेरिकनांनी. टोक निमुळतं म्हणजे हवेचा अडथळा कमी, बूड निमुळतं म्हणजे मागची ओढ कमी. लांब पल्ल्यावर त्याचा फायदा. दहा मैलांचा वारा आडवा वाहत असला तर सहाशे यार्डांवर त्याची १६८ ग्रेनची गोळी अडीच फुटांच्या आसपास सरकते. गोळी जितकी सुळसुळीत, तितकी कमी सरकणार. उलट शंभर-दोनशे यार्डांत एकाच भोकात गोळ्या घालण्याच्या ज्या स्पर्धा असतात, तिथं अजूनही सपाट बुडाची आखूड गोळी चालते, कारण तिथं वाऱ्यापेक्षा नेटकेपणा महत्त्वाचा. मॅन नावाच्या एका डॉक्टरानं १९०९ साली यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. मुद्दाम गोळ्यांची नाकं मोडून, बुडं तासून त्यानं झाडून पाहिल्या. निष्कर्ष असा, की नाक वाकडं झालं तर गोळी फारशी बिघडत नाही, पण बुडाला एका बाजूनं इजा झाली की भरकटते. नळीतून बाहेर पडताना मागचा वायू शेवटचा धक्का बुडालाच देतो. बूड तिरकं तर धक्का तिरका.

"मोदकाचंही तसंच," मी म्हणालो. "नाक वाकडं चालतं, बूड चिरलं की सारण बाहेर." हे भाषांतर मला जमलं नाही.

मग चुकलं कुठं? ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं, आणि त्यात तात्याची वही कामाला आली. वहीत दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं : काडतुसाची एकूण लांबी २.८० इंच, बुडापासून नाकाच्या टोकापर्यंत. नवी डबी उघडल्यावर पहिलंच काडतूस लांब झालं. तात्या शिस्तीचा माणूस. त्यानं डाय फिरवली, गोळी आणखी खोल दाबली आणि लांबी वहीप्रमाणे २.८० वर आणली. नेमकं तिथं बिघडलं. कारण नळीला गोळीच्या नाकाशी काही देणंघेणं नसतं. नळीच्या आत गोळीला गिरकी देण्यासाठी पेचदार आटे असतात. गोळी पुंगळीतून सुटते, थोडी उडी मारते आणि आट्यांना भिडते, ती नाकानं नव्हे. नाक जिथं जाड होत होत पुरं होतं, त्या जागेनं. तिला ते ओजाइव्ह म्हणतात, मी खांदा म्हणतो. तात्यानं नाक जागेवर आणलं आणि खांदा मागं नेला. उडी लांबली. आट्यात शिरताना गोळी जरा जरी तिरकी शिरली की ती तिरकेपणा घेऊनच बाहेर पडते. जुन्या गोळीचा खांदा गोलाईनं हळूच उतरणारा. ती उडी थोडी कमीजास्त झाली तरी चालवून घेई. नव्या सुळसुळीत गोळीचा उतार वेगळ्या घडणीचा आणि मानी. तिला उडी अमुक इतकीच हवी.

मी आठ एमएमचा एक नट शोधला, त्याला साडेसातचं ड्रिल मारलं, आणि तो गोळीच्या नाकावर टोपीसारखा ठेवून मापं घेतली. नाकाचं राजकारण बाजूला, माप खांद्यापासून. तात्यानं हसून एक खण उघडला आणि याच कामासाठी मिळणारं एक चकचकीत उपकरण दाखवलं. न उघडलेलं. मुलानं कधीतरी नाताळात दिलेलं. मुलांनी दिलेल्या वस्तू सगळीकडे खणातच असतात.

मग पुढचे तीन आठवडे आमचा कारखाना चालला. तात्यानं आधी दारू कमी केली. गोळी लांब म्हणजे ती पुंगळीतली जागा जास्त खाते, जागा कमी झाली की आतला दाब चढतो. गोळी बदलली की जुन्या मापाची दारू डोळे मिटून घालायची नाही. खालून सुरुवात करून, दरवेळी तपासत, पायरीपायरीनं वर चढायचं. यात तात्या तडजोड करत नसे. मग नळीची गिरकी पुरेल का ते पाहिलं. लांबट गोळीला जास्त गिरकी लागते. ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञानं १८७९ सालीच त्याचं सूत्र बसवून ठेवलंय. गिरकी पुरत होती. मग उडी. दहा थाऊ, वीस थाऊ, तीस थाऊ.

इथं आमचं एकदाच भांडण झालं. तात्यानं वीस थाऊंच्या तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही एकमेकींना चिकटल्या. तो आनंदानं टोपी उडवणार, तेवढ्यात मी म्हणालो, "तीन नगांवर लॉट पास होत नाही." तात्यानं मान तिरकी केली. मी व्हर्नियर खिशात घातला आणि उठलो. तात्यानं मुकाट्यानं आणखी सात झाडल्या. दहा मिळून सव्वा इंच. तीस थाऊंच्या पहिल्या तीन साधारणच दिसल्या, पण दहा मिळून पाऊण इंचाला थोडं जास्त. तीच खरी ठरली. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हाही माझाच नियम. तात्यानं तो खडूनं भिंतीवर लिहून ठेवला.

इकडं घरात ही पाणी वाटीनं न घालता चमच्यानं घालत होती. पुढच्या संकष्टीला एकवीस मोदक झाले. एक फुटला. तो तिनं मला दिला.

कॅम्प पेरीला आम्ही सगळेच गेलो. जावईसुद्धा, कानात बोळे घालून. सरोवरावरून वारा येत होता. तात्या मांडी घालून बसतो तसा सावकाश खाली बसला, मग आडवा झाला. वीस गोळ्यांना जो वेळ लागला तेवढ्यात ही दोनदा रामरक्षा म्हणून मोकळी झाली. "माणसावर झाडत नाहीयेत ना, मग चालतं," असं तिनं मला समजावलं. शेवटी तात्या उठला. २०० पैकी १८८. फार मोठं काही नाही, पहिल्या ओळीत नाव येण्यासारखं तर नाहीच. पण त्याच्या तोंडावर जे होतं ते मी मुलीच्या बारावीच्या निकालादिवशी आरशात पाहिलं होतं.

दोन गोळ्या मात्र सात गुणांवर गेल्या होत्या. मी धीर द्यायला म्हणालो, "त्या डबीतल्याच खराब असतील."

तात्यानं मान सरळ केली. पहिल्यांदाच. "नाही," तो म्हणाला, "त्या दोन माझ्या."

पेटीवरची चिठ्ठी त्यानं संध्याकाळी काढली.

आता आम्ही पुण्यात परत आलोय. परवा औषधवाल्यानं माझी रक्तदाबाची गोळी दुसऱ्याच कंपनीची दिली. औषध तेच, पण आकारानं लांबट. आठवडाभरानं डॉक्टरांनी दाब मोजला, वाढलेला. मी घरी येताच व्हर्नियर काढला. "बघ," मी हिला म्हणालो, "चार एमएम लांब आहे. आकार बदललाय. मी आधीच म्हणत होतो!"

हिनं फडताळ उघडलं, लोणच्याची बरणी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर बोटानं टिचकी मारली. मी परत आल्यापासून ती निम्म्यावर आली होती.

"हे मोजा," ती म्हणाली.

मी व्हर्नियर मिटून ठेवला. खरं आहे. ही माझी.